यंत्र आपले, पण डोळा कोणाचा?

सोनोग्राफीच्या खोलीत एकदा जाऊन आलेल्या माणसाला तेथील पडदा विसरता येत नाही. करड्या छटांमध्ये धडधडणारे ते इवले हृदय, चिमुकल्या पाठीच्या कण्याची माळ आणि ते पाहताना आईच्या, सोबत आलेल्या आजीच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान, हे दृश्य आज महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही परिचयाचे झाले आहे. डॉक्टरांच्या हातात असलेल्या आणि पोटावरून फिरणाऱ्या मुठीएवढ्या वस्तूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिला सर्वजण 'प्रोब' म्हणतात. तंत्रज्ञांच्या भाषेत तो ट्रान्सड्यूसर, म्हणजे ऊर्जापरिवर्तक होय. पडदा केवळ दाखवतो. पाहण्याचे काम हा प्रोब करतो. त्याच्या पोटात दडलेली सिरॅमिकची पातळ चकती हाच त्या यंत्राचा डोळा आहे.

हा डोळा कोण घडवतो, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात देशाचे आयातीवरील अवलंबन सुमारे ७० ते ८० टक्के असल्याचे गेली अनेक वर्षे सांगितले जात आहे. त्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २०२० साली ३,४२० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आणली आणि २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर केले. दोन्ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु यंत्राची पेटी, पडदा आणि संगणक येथे जुळवला म्हणजे यंत्र स्वदेशी झाले, असे समाधान मानून घेण्याचा मोह या क्षेत्रात मोठा आहे. प्रोबच्या आतली चकती देशात घडत नाही, तोवर त्या स्वावलंबनाला अर्थ अपुराच राहणार.

दाबातून वीज, विजेतून ध्वनी

या चकतीचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी तिचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या बंधूंना असे आढळले की, क्वार्ट्झ, टुर्मलीन यांसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्भार प्रकट होतो. यालाच दाबविद्युत् किंवा पीझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने दाखवून दिले की, याच्या उलटही घडले पाहिजे. स्फटिकाला वीज दिली तर त्याचा आकार किंचित बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी प्रयोगाने तेही सिद्ध केले.

सोनोग्राफीचा सारा खेळ या दुहेरी गुणावर उभा आहे. चकतीला विजेचा क्षणिक झटका दिला की ती कंप पावते आणि मानवी कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी शरीरात सोडते. तो ध्वनी ऊतींच्या सीमांवरून परावर्तित होऊन परत येतो, त्याच चकतीला दाबतो आणि चकती त्या दाबाची पुन्हा वीज करते. बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान एकच. त्यातही बोलणे अल्प आणि ऐकणे अधिक. ध्वनी सोडण्यास एखादा मायक्रोसेकंद पुरतो; पंधरा सेंटीमीटर खोलीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट मात्र सुमारे दोनशे मायक्रोसेकंद पाहावी लागते. मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, एवढ्या माहितीवरून यंत्र प्रत्येक प्रतिध्वनीचे अंतर काढते आणि चित्र रेखाटते.

तत्त्व सोपे असले तरी घडण अवघड आहे. चकतीची जाडी तिच्या कंपनसंख्येवर ठरते. पोटाच्या तपासणीसाठी नित्य वापरल्या जाणाऱ्या साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या प्रोबमध्ये ती जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, तर दहा मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे ०.२ मिलिमीटर. ही पातळ पट्टी केसाहूनही बारीक फटींनी कापून तिचे शंभराहून अधिक स्वतंत्र घटक करावे लागतात आणि प्रत्येकाला वेगळी तार जोडावी लागते. सिरॅमिक घट्ट आणि जड, शरीर मऊ. त्यामुळे चकतीतून थेट शरीरात ध्वनी सोडला तर त्याची जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी शक्ती पलीकडे जाते, उरलेली सीमेवरूनच मागे फिरते. म्हणून दोहोंच्या मध्ये नेमक्या जाडीचे जुळवणीचे थर द्यावे लागतात. चकतीचे कंपन तत्काळ थांबावे यासाठी तिच्या पाठीशी ध्वनी शोषणारा थर लावावा लागतो. यातील एक थर चुकला तरी पडद्यावरचे चित्र धूसर होते आणि मग मागचा संगणक कितीही महाग असला तरी त्याचा उपयोग होत नाही. डोळ्याने जे पाहिलेच नाही, ते मेंदू कोठून सांगणार?

पाणबुडीपासून गर्भाशयापर्यंत

हे ज्ञान रुग्णालयात कोणत्या वाटेने आले, ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी धुमाकूळ घातला, तेव्हा त्यांचा शोध घेण्यासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांझव्हॅं यांनी पोलादाच्या दोन तबकड्यांमध्ये क्वार्ट्झचा थर बसवून १९१७ च्या सुमारास श्राव्यातीत ध्वनीचा शक्तिशाली प्रक्षेपक तयार केला. त्या ध्वनीच्या झोतात सापडलेले मासे मरतात, हेही त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपान येथे स्वतंत्रपणे बेरियम टायटॅनेटचे गुण उघड झाले आणि १९५४ साली अमेरिकेत बर्नार्ड जॅफी यांनी लेड झिर्कोनेट टायटॅनेट, म्हणजेच 'पीझेडटी' या सिरॅमिकची असामान्य दाबविद्युत् क्षमता दाखवून दिली. आजही बहुसंख्य प्रोबच्या पोटात याच कुळातील पदार्थ असतो.

पदार्थ आणि उपकरण यांच्या या प्रवासात वैद्य कोठे भेटले? ते भेटले कारखान्यात. जहाजांचे सांधे आणि बॉयलरचे पत्रे यांतील तडे शोधण्यासाठी उद्योगांनी श्राव्यातीत ध्वनीची उपकरणे वापरण्यास आरंभ केला होता. स्वीडनमधील लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्‌झ यांनी माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातील असे उपकरण हृदयावर लावून पाहिले. १९५३ साली त्यांनी केलेली हृदयाच्या हालचालींची नोंद हा आजच्या इकोकार्डिओग्राफीचा आरंभ होय. स्कॉटलंडमधील स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड हे युद्धकाळात ब्रिटिश वायुदलात असल्याने रडार आणि सोनार या तंत्रांशी परिचित होते. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून ग्लासगोजवळच्या एका बॉयलर कारखान्यात गेले आणि तेथील तडे शोधणाऱ्या यंत्रावर त्यांनी त्या तपासल्या. घन गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांना तेथे दिसले. पुढे टॉम ब्राऊन या तरुण अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी यंत्र घडवले आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. असाध्य कर्करोग म्हणून आशा सोडलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची मोठी गाठ आहे, हे या यंत्राने दाखवले. शस्त्रक्रिया झाली आणि ती स्त्री वाचली.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. नौदलाचा संशोधक, कारखान्यातील अभियंता, पदार्थवैज्ञानिक आणि वैद्य यांच्यामधील भिंती ज्या समाजांत पातळ होत्या, तेथेच हा डोळा उघडला. कोणाही एकाच्या बुद्धीचे ते फळ नव्हते.

माती आपली, मेधाही आपली

आता आपल्याकडे पाहावे. पीझेडटीचे घटक तीन: शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम. शिशाच्या खाणी राजस्थानात उदयपूर आणि भिलवाडा परिसरात आहेत. त्यांपैकी झावर येथे शतकांपूर्वी जस्त गाळले जात होते, याची साक्ष तेथील जुन्या भट्ट्या आजही देतात. झिर्कॉन आणि इल्मेनाइट या खनिजांची वाळू केरळमधील चवरा, तमिळनाडूतील मणवाळकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनाऱ्यांवर आहे. टायटॅनियम देणारे इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. म्हणजे या चकतीतील कोणत्याही धातूसाठी परक्या भूमीकडे पाहण्याचे कारण नाही.

ज्ञानाचे काय? द्रवातील श्राव्यातीत लहरींमधून प्रकाश जाताना त्याचे विवर्तन कसे होते, याचा सिद्धांत सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ साली बंगळूर येथे मांडला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो आजही 'रामन-नाथ सिद्धांत' या नावानेच शिकवला जातो. लुंड आणि ग्लासगो येथील प्रयोगांच्या सुमारे वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर कोची येथील नौदलाच्या भौतिक व समुद्रविज्ञान प्रयोगशाळेने युद्धनौका आणि पाणबुड्या यांच्यासाठी 'हम्सा', 'उशस' यांसारखी सोनार यंत्रणा विकसित केली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने ती घडवली. साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने दाबविद्युत् सिरॅमिकचे उत्पादन केले. इलेक्ट्रॉनिकी पदार्थांच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या 'सी-मेट' या संस्थेची केंद्रे पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर येथे आहेत. समुद्राच्या तळाशी लपलेली पाणबुडी ऐकण्याचा कान जो देश स्वतः घडवू शकतो, त्याला मातेच्या उदरातील बाळ पाहण्याचा डोळा घडवता येऊ नये, यात कोठेतरी व्यवस्थेचा दोष आहे. बुद्धीचा तो खचितच नाही.

दोष हा की आपल्याकडील भिंती जाड राहिल्या. सोनारचा अभियंता कोचीत, सिरॅमिकचा शास्त्रज्ञ त्रिशूरला, रेडिऑलॉजिस्ट मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात. प्रत्येकजण आपापल्या ठिकाणी निष्णात, परंतु एकमेकांच्या दारी जाण्याची रीत नाही. गाठी मोटारीत घालून कारखान्याच्या दारात उभा राहणारा वैद्य आणि त्याला आत घेणारा कारखानदार, ही जोडी जमण्यास पोषक वातावरणच आपण निर्माण केले नाही.

तसे वातावरण निर्माण झाले की काय घडते, याचेही उदाहरण देशातच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत रुग्णालय आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग एकाच छत्राखाली आणले गेले. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे हृदयाची कृत्रिम झडप घडवण्याचे काम सुरू झाले. आधीचे नमुने फसले, पदार्थ बदलावे लागले, वर्षे गेली. अखेर १९९० साली 'चित्रा' झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली आणि पुढे हजारो रुग्णांना तिने जीवदान दिले. अपयश पचवण्याची मुभा आणि शल्यविशारद व अभियंता यांचा रोजचा सहवास, या दोन गोष्टींनी ते शक्य झाले. सोनोग्राफीच्या प्रोबला आजवर असा चित्रा-क्षण लाभलेला नाही.

चकती केवळ सूत्राने घडत नाही

काही जण म्हणतील, पीझेडटीचे रासायनिक सूत्र पुस्तकात आहे, मग अडचण कोणती? अडचण ही की, सिरॅमिक घडवणे हे सूत्राइतकेच हाताचे काम आहे. भाजताना तापमान बाराशे अंश सेल्सियसच्या आसपास गेले की शिशाचे ऑक्साइड वाफ होऊन निसटू लागते. ते राखण्यासाठी चकत्या बंदिस्त मुशीत, शिशाच्या वाफेच्या सान्निध्यात भाजाव्या लागतात. भाजलेली चकती आरंभी निर्जीवच असते. तापवलेल्या तेलात तिला दर मिलिमीटरला काही हजार व्होल्टचा ताण दिला म्हणजे तिच्यातील विद्युत्ध्रुव एका दिशेला वळतात आणि मगच ती 'जागी' होते. एका घाण्यातील शंभर चकत्या आणि पुढच्या घाण्यातील शंभर चकत्या यांत फरक पडता कामा नये. ही शिस्त वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, आणि ती केवळ पैसे मोजून बंदरावर उतरवून घेता येत नाही.

हा सराव देशात नसण्याची किंमत रुग्ण मोजतो. प्रोब हातातून पडला, तार पिळली गेली, जुळवणीचा थर सुटला की काही घटक मूक होतात. चित्र तरीही दिसतच राहते, फक्त त्यातील तपशील हरवतो. २००९ साली स्वीडनमधील एका अभ्यासात ३२ रुग्णालयांतील ६७६ प्रोब तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४० टक्के सदोष निघाले. अत्यंत सुव्यवस्थित आरोग्यसेवा असलेल्या देशाची ही कथा आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांत नाजूक प्रोब रोज किती हातांतून जातो, याची कल्पना कोणासही येईल. जो समाज चकती घडवू जाणतो, तोच तिची परीक्षा आणि दुरुस्तीही करू जाणतो. जो केवळ विकत घेतो, त्याला बिघाड उमगतच नाही आणि उमगला तर नव्या प्रोबचे मूल्य परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून प्रत्येक गर्भवतीची चोविसाव्या आठवड्यापूर्वी एकदा सोनोग्राफी व्हावी, अशी शिफारस केली आहे. मेळघाटातील किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरील भगिनीपर्यंत ती पोहोचायची असेल, तर स्वस्त, टिकाऊ आणि जवळपास दुरुस्त होणारा प्रोब ही प्राथमिक गरज ठरते.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला असा की, प्रोब स्वस्त झाला तर गर्भलिंगनिदानाचे पाप वाढेल. ही भीती निराधार नाही. याच यंत्राचा दुरुपयोग करून मुलींचा जन्म रोखणाऱ्या वृत्तीने महाराष्ट्राची मान खाली घातली आहे. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९९१ साली ९४६ होते, ते २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ पर्यंत घसरले. परंतु या काळात प्रोब काही स्वस्त नव्हते. पापाचे मूळ यंत्राच्या किमतीत नसून माणसाच्या मनात आहे. महाराष्ट्राने १९८८ साली या विषयावर देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्यानुसार नोंदणीकृत केंद्राबाहेर हे यंत्र विकताही येत नाही. खिशात मावणाऱ्या नव्या प्रोबच्या युगात ती नोंद अधिक काटेकोर व्हावी लागेल, हे खरे. मात्र विखुरलेल्या आयातीपेक्षा देशातील मोजक्या उत्पादकांच्या प्रत्येक प्रोबचा माग ठेवणे सोपे आहे. स्वदेशी निर्मिती कायद्याची शत्रू ठरण्याऐवजी सहायक ठरू शकते.

दुसरा आक्षेप असा की, जग पुढे गेले. आता मागची वाट चालून काय लाभ? जग पुढे गेले आहे, हे खरेच. पेनसिल्व्हेनिया येथील संशोधकांनी १९९७ साली वर्णिलेल्या एकस्फटिकी पदार्थांनी महागड्या प्रोबची गुणवत्ता पालटली. सिलिकॉनच्या चिपवर हजारो सूक्ष्म पडदे कोरून सिरॅमिकविना ध्वनी निर्माण करणाऱ्या आणि मोबाईल फोनला जोडता येणाऱ्या प्रोबला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र वाट वळते, तेव्हाच मागे असलेल्याला पुढे सरकण्याची संधी असते. पीझेडटीमधील शिसे विषारी आहे. युरोपने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध घातले, परंतु तोलामोलाचा पर्याय नसल्याने दाबविद्युत् सिरॅमिकला सवलत द्यावी लागली. २००४ साली जपानी संशोधकांनी पोटॅशियम-सोडियम नायोबेटच्या कुळातील शिसेविरहित सिरॅमिकची आशादायक क्षमता दाखवली, तरी प्रोबमध्ये पीझेडटीची जागा त्याला अजून पूर्णपणे घेता आलेली नाही. ही शर्यत खुली आहे, आणि तीत उतरण्यासाठी आधी भाजण्याची, कापण्याची, जागे करण्याची जुनी विद्या हाती असावी लागते. जुनी पायरी न चढता नवी गाठता येत नाही.

काय व्हावे?

मागणी फार मोठी नाही. प्रोत्साहन योजनांत यंत्राच्या जुळणीला जे मोल दिले जाते, त्याहून अधिक मोल चकती, जुळवणीचे थर आणि घटकांची मांडणी येथे करणाऱ्याला द्यावे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने सोनार, सिरॅमिक आणि रेडिऑलॉजी या तीन क्षेत्रांना एका मेजावर बसवणारा, किमान दहा वर्षांचा प्रकल्प हाती घ्यावा आणि आरंभीच्या अपयशांसाठी कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. जिल्हा रुग्णालयांतील प्रोबची दरवर्षी घटकनिहाय तपासणी सक्तीची करावी. सरकारी खरेदीत केवळ किंमत न पाहता दुरुस्तीची सोय पाहावी. वैद्यकीय महाविद्यालये आणि अभियांत्रिकी महाविद्यालये अनेक शहरांत एकाच रस्त्यावर उभी आहेत; त्यांच्यातील कुंपणाला एक फाटक पाडणे, एवढे तरी आजच्या आज करता येईल.

क्युरी बंधूंनी दाखवलेला नियम असा की, स्फटिकावर दाब आला तरच त्यातून वीज प्रकट होते. राष्ट्राच्या बुद्धीचेही काहीसे तसेच आहे. गरजेचा दाब आपल्याकडे आहे, पदार्थ आहे, प्रज्ञाही आहे. विद्युत्ध्रुव तेवढे एका दिशेला वळवावे लागतील. ते वळतील, त्या दिवशी एखाद्या आदिवासी पाड्यावरील आरोग्य केंद्रात पडद्यावर धडधडणारे हृदय आपल्याच किनाऱ्यावरील वाळूतून घडलेल्या डोळ्याने दिसेल.